बसस्टँडपर्यंत पोचणारा पुकारा

परवा नागपुरात आमच्या नंदनवन वस्तीतल्या गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला, "पालक, मेथी, सांबारऽऽ!" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हा काय पुकारा झाला?" नातीने मोबाइलमधून मान वर काढली. "आजी, तो कोथिंबीर विकून राहिला. त्याच्याकडून तुला काय पाहिजे, राज्याभिषेक?"

ज्या माणसाने श्रावणजी हेडाऊंचा पुकारा ऐकलेला नाही, त्याच्याशी आवाजाच्या गोष्टी करण्यात अर्थ नाही.

श्रावणजी आमच्या तालुक्याच्या कोर्टात शिपाई होते. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे माझ्या दोन नणंदा नांदतात आणि दोघींनाही वाचता येतं. भिवापूरच्या त्या अंगाला आहे, एवढं पुरे. कोर्टात खटल्याचा नंबर आला की शिपाई व्हरांड्यात येऊन पक्षकाराचं नाव तीनदा पुकारतो आणि शेवटी 'हाजिर हो' म्हणतो. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस उगवला नाही तर तो गैरहजर, आणि मग त्याच्या खटल्याचं जे व्हायचं ते होतं. बाकीच्या कोर्टांतले शिपाई हे काम दारातून मान बाहेर काढून उरकतात. श्रावणजींना ते खपत नसे. ते आधी टोपी नीट करायचे, छातीवरचा पट्टा खाली ओढायचे, व्हरांड्यातल्या एका ठरावीक फरशीवर पाय जुळवून उभे राहायचे आणि डोळे मिटून घ्यायचे.

"डोळे काहून मिटता?" मी एकदा विचारलं होतं.

"उघडे ठेवले तं आवाज तिकडूनही निंगते, वकीलबाई."

आणि मग तो आवाज निघायचा. माणूस म्हणजे काडी. सदरा वाळत घातल्यासारखा अंगावर लोंबकळायचा. पण त्या काडीतून असा नाद यायचा की व्हरांड्याच्या कमानी तो झेलायच्या, रस्त्यापलीकडे फेकायच्या आणि बसस्टँडवरच्या चहावाल्याच्या कपबश्या हलायच्या. घरचे लोक कोष्टी. लहानपणी घरात हातमाग दिवसभर खडखडत असायचे. "मायले भाकर मांगाची असन तरी वरडाच लागे," ते सांगायचे. "हळू बोलणारा आमच्या घरी उपाशी मरे."

आता त्या इमारतीबद्दल सांगते, कारण श्रावणजी आणि ती इमारत वेगळे काढता येत नाहीत. दगडी जोतं, जाड भिंती, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, छप्पर, छताला जुन्या पंख्याचे लोखंडी हूक, आणि दारं एवढी उंच की आत येणारा माणूस आपोआप आरोपीसारखा दिसायचा. ती कोणी बांधली, केव्हा बांधली, हे कोणालाच माहीत नव्हतं. म्हणजे श्रावणजी सोडून कोणालाच नव्हतं. श्रावणजींना फारच माहीत होतं. रोज वेगळं माहीत होतं.

नवीन न्यायाधीश बदलून आले की त्यांना ते सांगायचे, हा एका गोऱ्या साहेबाचा बंगला. मेमसाहेब विलायतेहून यायची होती, म्हणून बांधला. ती बोटीवरूनच परत गेली. साहेबाला दुःख झालं आणि त्याने कोर्ट केलं. शाळेची सहल आली की तोच बंगला राजाचा हत्तीखाना व्हायचा. "पाहा ना दारं. माणसासाठी कोणी एवढी दारं करते का?" आणि छताचे हूक? हूक हत्तीच्या पाळण्याचे. एका मास्तरने भीत भीत विचारलं, "हत्तीला पाळणा कशाला?" श्रावणजींनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "लहान हत्ती नसते का, गुरुजी?"

मी त्या कोर्टात पहिल्यांदा गेले तेव्हा मी नागपूरहून नुकतीच वकील होऊन आले होते आणि माझ्या मते न्यायव्यवस्था माझीच वाट पाहत थांबली होती. मे महिन्यात, जेव्हा नागपूर भागात कावळेसुद्धा सावलीतून उडतात, तेव्हा मी काळा कोट घालून एसटीत बसायचे. कोट काढला तर लोकांना कळणार कसं? घामाने माझा गळ्यातला पांढरा बँड निळा पडायचा. ती शाई कुठून यायची ते मला अजून समजलेलं नाही.

पहिल्या दिवशी श्रावणजींनी व्हरांड्यात कोणाचं तरी नाव पुकारलं. त्या आवाजाने मी इतकी भारावले की ताडकन उठले आणि बोलायला लागले. मुद्द्यांमागून मुद्दे, कलमांमागून कलमं. न्यायाधीश साहेब शांतपणे ऐकत होते. समोरचे वकीलही शांत होते. मला वाटलं, माझ्या युक्तिवादाने यांची वाचा बसली. बरंच बोलून झाल्यावर साहेब म्हणाले, "बाई, हा म्हशीच्या चोरीचा खटला आहे. तुम्ही दत्तकपुत्राबद्दल बोलताय. म्हैस दत्तक गेली होती का?"

सगळं कोर्ट हसलं. मी बाहेर येऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसले. रडायचं होतं, पण कोटाच्या आत एवढा घाम होता की डोळ्यांसाठी पाणी शिल्लक नव्हतं. श्रावणजी लोटीतून पाणी घेऊन आले.

"घाबरू नका, वकीलबाई. याच कोर्टात एका गोऱ्या साहेबानं कोंबडीले जामीन देल्ला होता."

"कोंबडीला?"

"हो जी. अन् ते फरार झाली."

ही गोष्ट मी खरी मानली. घरी जाऊन वडिलांना सांगितली. बाररूममध्ये दोनदा सांगितली. एका ज्येष्ठ वकिलांनी चष्मा पुसत विचारलं, "तिचा जामीनदार कोण होता?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

एवढं होऊनही मिरचीच्या बाबतीत मी फसलेच. भिवापूरची मिरची प्रसिद्ध आहे, हे सांगायला नको. त्या भागातले शेतकरी साक्षीला आले की श्रावणजी त्यांना व्हरांड्यात गाठायचे आणि हलक्या आवाजात, म्हणजे तुमच्या-माझ्या चढ्या आवाजात, सांगायचे, "हे लाल भिंत पाहून राहिले ना? चुन्यात भिवापूरची मिरची कुटून घातली आहे. वाळवी लागत नाही. अन् आत उभं राहून कोणी खोटं बोलला ना, तं त्याच्या डोळ्यातून पाणी येते. बाकी तुमची मर्जी."

परिणाम असा व्हायचा की धडधाकट माणसं साक्षीच्या पिंजऱ्यात चढली की डोळे मोठाले उघडून उभी राहायची. एक बिचारा तर न मिचकावता इतका वेळ उभा राहिला की त्याच्या डोळ्यांना खरोखरच धार लागली. उलटतपासणी घेणारे वकील काही विचारायच्या आतच तो ओरडला, "सांगतो जी, सांगतो! धुरा म्याच सरकवला!" शेताची सीमा सरकवल्याचं त्याने कबूल केलं, आणि तेही आपल्याच बाजूच्या साक्षीत. त्याच्या वकिलांनी कपाळावर हात मारला.

मी शिकलेली. मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणार थोडीच! मी फक्त खात्री करून घ्यायचं ठरवलं. दुपारच्या सुट्टीत कोर्ट रिकामं झाल्यावर मी भिंतीपाशी गेले, हेअरपिनने थोडा चुना खरवडला आणि जिभेवर ठेवला. तेवढ्यात न्यायाधीश साहेब विसरलेला पेन घ्यायला परत आले. मी भिंतीला नाक लावून, जीभ बाहेर काढून उभी. साहेबांनी पेन घेतला, दारापर्यंत गेले, वळले आणि म्हणाले, "बाई, डबा आणत जा."

तिखट लागला का म्हणाल तर सांगते, मला लागला. त्या वयात मला सगळंच लागायचं.

या खोटारडेपणात श्रावणजींचा स्वतःचा काही फायदा नव्हता, हे मात्र मी हळूहळू ओळखलं. त्यांचं लक्ष असायचं ते रस्त्याकडे. खेड्यातून येणाऱ्या माणसांची एक एसटी असायची आणि तिची तब्येत कायम नाजूक. ती लेट झाली की इकडे नंबर लागायचा, आणि तिसऱ्या पुकाऱ्यानंतर बिचारा पक्षकार गैरहजर. हे होऊ नये म्हणून श्रावणजींनी तिसरा पुकारा लांबवण्याची एक कला साधली होती. पहिला पुकारा साधा. दुसरा जरा ठासून. तिसरा मात्र बस येईपर्यंत चालायचा.

एक कौशल्याबाई होती, लहानशा गावची विधवा. दिराने तिचं शेत दाबलं होतं. तिची तारीख होती आणि बस पंक्चर होऊन कुठेतरी उभी होती. श्रावणजींनी तिसरा पुकारा सुरू केला. "कौशल्याबाई, जौजे मारोतरावऽऽ..." जौजे म्हणजे बायको, हा कोर्टातला जुना शब्द. तिथून ते गावावर आले, गावाच्या महसुली मौज्यावर आले, मग सासऱ्याचं नाव, सासऱ्याच्या बापाचं नाव, शेताच्या पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, नाल्याच्या काठचं आंब्याचं झाड, त्या झाडाचे आंबे आंबट की गोड. आतून साहेबांचा आवाज आला, "श्रावण, हा पुकारा आहे की लग्नाची पत्रिका?"

श्रावणजींनी डोळे न उघडता उत्तर दिलं, "साहेब, एकाच नावाच्या दोन-तीन बाया आहेत जी. गफलत नको." आणि पुन्हा त्याच सुरात, "...मामेकुळ सावनेरकडचं, मावशी एक, तेही वारलीऽऽ..."

तेवढ्यात बस दिसली. कौशल्याबाई एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात पिशवी घेऊन धावत रस्ता ओलांडत होती. ती पायरीवर चढेपर्यंत त्यांनी दम राखला आणि तिचं पाऊल व्हरांड्यात पडल्यावरच म्हणाले, "...हाजिर हो." मग डोळे उघडले आणि तिला खडसावलं, "काहून वं बाई, एवढा उशीर? सरकार तुझ्यासाठी थांबून राहते का?"

असा माणूस सेवानिवृत्त होतो तेव्हा काय होतं, ते आता सांगते.

शेजारी कोर्टाची नवी इमारत उठली. चार मजले, काचा, लिफ्ट, आणि नंबर दाखवणारा लाल दिव्यांचा बोर्ड. श्रावणजींना निरोप समारंभात शाल-नारळ मिळालं. पाठोपाठ बातमी आली की नव्या इमारतीत कोर्ट हललं की जुनी पाडणार आणि तिथे गाड्या ठेवायला जागा करणार. तोपर्यंत माझे केस पिकले होते, कोट सैल व्हायचा तो घट्ट झाला होता, आणि मी त्या कोर्टातली सगळ्यात जुनी वकील होऊन बसले होते. श्रावणजी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"वकीलबाई, दावा ठोका."

"कोणावर?"

"जो पाडते त्याच्यावर. मी वादी. मी आता नोकरीत नाही, मले कोण काय करते?"

"श्रावणजी, इमारत ऐतिहासिक आहे असं दाखवावं लागेल. कोणी बांधली, केव्हा बांधली..."

"कोणती सांगू? हत्तीवाली की मेमसाहेबवाली?"

मी दाव्यात 'पुरातन' एवढाच शब्द लिहिला आणि देवाला हात जोडले. दाव्याचा निकाल लागेपर्यंत पाडायला मनाई मिळाली. पण खरी अडचण पुढे होती. वादीने स्वतः पिंजऱ्यात उभं राहून साक्ष द्यायची असते. आणि श्रावणजी साक्षीला यायचेच नाहीत. मागच्या तारखेला आले नाहीत. त्याच्या मागच्या तारखेला आले नाहीत. मी त्यांच्या तब्येतीचं कारण सांगून वेळ मागितली. शेवटी न्यायाधीश बाईंनी, त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या होत्या, स्पष्ट सांगितलं, "पुढच्या तारखेला वादी उभे राहिले नाहीत तर त्यांचा पुरावा बंद." पुरावा बंद म्हणजे दावा गेला, मनाई गेली आणि इमारतीवर बुलडोझर आला. हे ज्या छताखाली बसून त्या सांगत होत्या, तेच छत त्यांच्या फाइलवर टिपटिप गळत होतं.

त्या तारखेला मी आत बसले होते. नंबर लागला. श्रावणजींच्या जागी आलेल्या शिपायाला आपण बागडेभाऊ म्हणू. माणूस चांगला, पण गालात चोवीस तास खर्रा. सुपारी-तंबाखूचा तो ऐवज सांडू नये म्हणून तो हनुवटी वर करूनच जगायचा. तो दारापर्यंत गेला, मान बाहेर काढली आणि ओठ न उघडता नाकातून काहीतरी म्हणाला. मग पुन्हा तसंच. मी धावत बाहेर गेले, बसस्टँडवर कोणी दिसतं का बघायला.

श्रावणजी व्हरांड्यातच होते. खांबाला टेकून, धुतलेली टोपी घालून, हाताची घडी.

"श्रावणजी! तुम्ही इथे? चला ना आत! तुमचं नाव पुकारलं!"

"कोणी?"

"बागडेभाऊंनी! दोनदा!"

"मले नाही ऐकू आलं."

"तुम्ही तर इथेच उभे आहात!"

"मी इथं आहो म्हणून काय झालं? पुकारा बसस्टँडपर्यंत गेला का? नाही गेला. मंग पुकारा झालाच नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. "म्हणजे मागच्या तारखेला..."

"इथंच होतो."

"आणि त्याच्या मागच्या?"

"इथंच. तो खांब तिकडचा होता." मग त्यांनी मान हलवली. "चाळीस साल या कोर्टात कोणी बिना पुकाऱ्याचा आत गेला नाही, वकीलबाई. मी कसा जाऊ? मी काय चोर आहो का, गपचूप घुसाले?"

मी त्यांच्यापुढे हात जोडले. इमारत जाईल म्हटलं, बुलडोझर म्हटलं, माझ्या पांढऱ्या केसांची शपथ घातली. ते ऐकत होते. डोळ्यांत पाणी यायच्या बेताला आलं होतं, माझ्याही आणि त्यांच्याही, पण पाय हलेना. दारात बागडेभाऊ तिसऱ्यांदा हनुवटी वर करून उभा राहिला. त्याने नाक फुगवलं.

"थांब गा!" श्रावणजी म्हणाले.

बागडेभाऊ थांबला. श्रावणजी खांबापासून सुटे झाले. टोपी नीट केली. छातीवर पट्टा नव्हता, तरी जिथे असायचा तिथून काहीतरी खाली ओढलं. आपल्या फरशीवर पाय जुळवले आणि डोळे मिटले.

"श्रावणऽऽ वल्द गोविंदाऽऽ हेडाऊऽऽ..."

बाप रे! कवेलूंवरची कबुतरं उडाली. झाडाखालच्या अर्ज लिहिणाऱ्यांचे टाइपरायटर थांबले. बसस्टँडवरून माणसं उठून बघायला लागली. आणि हा गृहस्थ थांबेना. बापाचं नाव झालं, आजाचं झालं, आजा कोणत्या मागावर कोणत्या काठाचं लुगडं विणायचा ते झालं, स्वतः लग्नात कोणत्या रंगाचा फेटा बांधला होता ते झालं. रस्ता ओलांडून माणसं यायला लागली. चहावाला गाळणी हातात घेऊन आला. कितीतरी दिवसांनी असा लांबलचक पुकारा ऐकू आला म्हणून आज कोण अडकलंय ते बघायला सगळे व्हरांड्यात जमले. श्रावणजींनी शेवटचा दम घेतला.

"...हाजिर हो!"

मग त्यांनी डोळे उघडले, अत्यंत नम्रपणे म्हणाले, "हाजिर आहो जी," आणि आत गेले.

न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. "बाहेर कोण होतं?"

"वादी, मॅडम," मी म्हटलं.

"आणि पुकारा कोणी केला?"

"वादीनेच, मॅडम."

त्यांनी हसू दाबण्यासाठी पाणी प्यायलं. सरकारी वकील उठले. तरुण, हुशार, आणि त्या दिवशी मला फार ओळखीचे वाटले. मे महिन्यात कोट घातला होता. श्रावणजींची शपथ झाल्यावर त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"ही इमारत कोणी बांधली?"

खिडक्यांतून, दारातून माणसांच्या माना आत आल्या. भिवापूरकडचे दोन-चार म्हातारे तर सरळ श्रावणजींच्या डोळ्यांकडे बघत होते. मी मनात म्हटलं, हत्ती नको. काहीही सांगा, हत्ती नको.

"माहीत नाही जी," श्रावणजी म्हणाले.

सरकारी वकील एक पाऊल पुढे आले.

"केव्हा बांधली?"

"माहीत नाही."

"तुम्हीच शाळेच्या मुलांना हत्तीखाना सांगता ना?"

"म्याच सांगतलं."

"गोऱ्या साहेबाचा बंगला?"

"तेही म्याच."

"आणि भिंतीतली मिरची?"

श्रावणजी खाली मान घालून म्हणाले, "तेही म्याच जी." खिडकीतला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "अरे बाप्पा! मंग म्या धुरा कशाले कबूल केला?"

मॅडमनी शांतता राखायला सांगितलं. सरकारी वकील विजयी वीरासारखे वळले. "म्हणजे या इमारतीबद्दल तुम्ही जे जे सांगितलं ते सगळं खोटं. मग ही ऐतिहासिक कशावरून?"

श्रावणजींनी मान वर केली. आवाज त्यांनी पहिल्यांदाच खाली घेतला होता, म्हणजे फक्त आवारापुरता.

"साहेब, एवढं खोटं चाळीस साल सांगतलं अन् लोकायनं ऐकलं. या दारांकडे पाह्यलं, कवेलूंकडे पाह्यलं, अन् त्याहिले वाटलं, असन बाप्पा. आता त्या बाजूच्या नव्या इमारतीबद्दल एक खोटं सांगून दाखवा बरं. एकच. कोणी ऐकते का पाहू."

सरकारी वकिलांनी तोंड उघडलं. सगळं कोर्ट वाट पाहत होतं. ते खिडकीतून त्या काचेच्या इमारतीकडे बघत राहिले, आणि खरं सांगते, बिचाऱ्याला एकही सुचलं नाही.

या उत्तरावर दावा जिंकला, असं सांगायला मला आवडलं असतं. कायद्यात असं चालत नाही. पण मॅडमनी मग सरकारी पक्षाला तोच प्रश्न विचारला: कोणी बांधली, केव्हा बांधली, कागद दाखवा. त्यांच्याकडेही कागद नव्हता. इमारतीबद्दल कोणालाच काही माहीत नाही, यावर दोन्ही पक्षांचं एकमत झालं, आणि माझ्या साऱ्या वकिलीत असं एकमत मी दुसरं पाहिलं नाही. माहिती नसलेली वस्तू आधी नीट तपासा, मगच हात लावा, असा हुकूम झाला. तपासायला माणसं आली. त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या आणि म्हणाले, ही पाडायची तर यंत्र मोडेल. गाड्यांना मागची पडीक जागा दिली. छप्पर शाकारलं. जुन्या कोर्टात गावच्या पोरापोरींसाठी अभ्यासिका उघडली.

मागच्या हिवाळ्यात नणंदेच्या नातवाचं बारसं होतं, म्हणून गेले होते. जेवणं झाल्यावर मी एकटीच निघाले, कोर्ट बघून येते म्हणून. एका गुडघ्याला पट्टा, हातात बारशाच्या घुगऱ्यांची पिशवी, उंची पहिल्यापासूनच चार फूट दहा इंच, त्यातलेही दोन इंच वयाने खाल्लेले.

व्हरांड्यात चहाची सुट्टी चालली होती. स्पर्धा परीक्षेची मुलंमुली पायऱ्यांवर बसली होती आणि त्यांच्या मध्ये, खुर्चीवर, श्रावणजी. आणखी वाळलेले. दात गेलेले. आवाज मात्र फाटकातच मला भेटला.

"...मंग सरकार म्हणे पाडतो! बुलडोझर आणून उभा केला, याच दारात! तेव्हा नागपूरहून आली वकीलबाई. सहा फूट उंच! काळ्या बुलेटवर बसून! अशी नजर टाकली की ड्रायव्हर गाडी सोडून पळाला, उमरेडपर्यंत थांबला नाही. कोर्टात उभी राहिली तं सरकारी वकील चक्कर येऊन पडला. लोटीनं पाणी मारलं म्या त्याच्या तोंडावर!"

"बाप रे! आता कुठं असतात त्या?" चष्मेवाली एक पोरगी वही मिटून विचारत होती. "मले त्यांना भेटायचं आहे."

मी कडुनिंबापाशी उभी होते. श्रावणजींची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला ओळखलं, यात तिळमात्र शंका नाही. चेहरा उजळला, ओठ हलले, उठायला झाले. मग त्यांनी माझी उंची पाहिली. गुडघ्याचा पट्टा पाहिला. घुगऱ्यांची पिशवी पाहिली. मग त्या पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खुर्चीत नीट बसले.

"दिल्लीले असते," ते म्हणाले. "मोठ्या कोर्टात. येत नाही आता इकडे."

हे सांगताना त्यांचा एक हात खुर्चीमागे गेला आणि बोटं मला खुणावायला लागली: जा, जा, तिकडून जा.

मी मुकाट्याने वळले आणि इमारतीच्या मागच्या बाजूने, भिंतीचा आधार घेत घेत, दिल्लीला निघून गेले.